शेळीचं दूध, दह्यातले जीव आणि आपलं विरजण



पावसाळा लागला की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे चातुर्मासात काय काय सोडायचं याची यादी, आणि दुसरी म्हणजे शेळीचं दूध. डेंग्यूचा एखादा पेशंट निघाला की लगेच मेसेज: कच्चं शेळीचं दूध सकाळी-संध्याकाळी एकेक कप, प्लेटलेट वाढतात, पुढे पाठवा. यंदा त्यात भर पडली. कुणीतरी एका संशोधनाचा दाखला देऊन लिहिलं की शेळीच्या दुधात लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया असतात, ते रोगजंतूंना मारतात, म्हणून शेळीच्या दुधाचं दही हे नैसर्गिक अँटिबायोटिक. त्याखाली पंधरा-वीस हात जोडलेले. मग ठरलेलं वाक्य, "आपल्या शास्त्रात हे आधीच सांगितलंय." आणि सगळ्यात खाली एका नवीन सुनेचा प्रश्न, "मग दह्यात जीव असतात ना काकू? ते आपल्याला चालतं कसं?"

तिला कुणीच उत्तर दिलं नाही. मला मात्र अख्ख्या चर्चेत तेवढाच प्रश्न मोलाचा वाटला. त्याच्याकडे येते, पण आधी त्या अँटिबायोटिकचं बघू, कारण त्यात निम्मं खरं आहे आणि निम्मं घातक.

खरं आहे ते असं. दूध विरजलं की त्यातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, लॅक्टिक आम्ल होतं. हे काम सूक्ष्म जीव करतात, हे फ्रान्सच्या लुई पाश्चरने १८५७ मध्ये दाखवलं. आम्ल वाढत गेलं की दूध आंबतं, प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दही लागतं. हा आंबटपणाच त्या जीवांचं पहिलं शस्त्र. टायफॉइडचे किंवा जुलाबाचे बरेच जंतू आंबटात तग धरत नाहीत. हे आम्ल जंतूच्या आवरणातून आत शिरतं आणि आतला सगळा कारभार बिघडवतं. ताजं दूध उन्हाळ्यात चार-पाच तासांत नासतं आणि त्याच दुधाचं दही दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतं ते यामुळेच. याला संशोधन कशाला, आपल्या आज्यांनाही ते माहीत होतं.

आंबटपणाशिवाय आणखी शस्त्रं आहेत. काही जाती थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. काही जाती प्रथिनाचे छोटे तुकडे तयार करतात, त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे नायसिन. दुधातल्या लॅक्टोकॉकस नावाच्या जीवाकडून ते मिळतं. १९२८ साली अमेरिकेत त्याचा परिणाम पहिल्यांदा दिसला, १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला नाव मिळालं, आणि १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या समितीने ते खाण्यात वापरायला सुरक्षित ठरवलं. आपल्यातल्या ज्या बायका चष्मा लावून पाकिटाच्या मागचे नंबर वाचतात (मी त्यातलीच) त्यांना १२० नंबर पाठ असतो, कारण तो लाल रंग किड्यांपासून काढतात. तसाच २३४ दिसला तर ते नायसिन, हे लक्षात ठेवा. ते जंतूच्या आवरणाला अक्षरशः भोकं पाडतं.

म्हणजे दह्यातले जीव दुसऱ्या जंतूंना मारतात हे खरंच. मग घातक काय?

घातक हे की प्रयोगशाळेतली थाळी म्हणजे आपल्या पोराचं पोट नव्हे. माझी भाची मायक्रोबायोलॉजी शिकते. तिच्याकडून हा प्रयोग मी नीट समजून घेतला. काचेच्या थाळीत जेलीसारखं अन्न ओततात, त्यावर रोगजंतू पसरतात, मधे बारीक खड्डे पाडून त्यात दह्यातल्या जीवांचं पाणी घालतात. दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती जंतू उगवले नसतील तर स्वच्छ गोल दिसतो. मग तो गोल मिलिमीटरमध्ये मोजायचा. शेळीच्या दुधावरचे बहुतेक अभ्यास या धाटणीचे असतात. दुधातून जीव वेगळे काढले, थाळीत सोडले, गोल मोजला. पण भाचीने सांगितलेली खरी गोम पुढे आहे. चांगला अभ्यासक तिथं थांबत नाही. तो त्या पाण्यातला आंबटपणा सोडा-क्षार घालून मारून टाकतो आणि पुन्हा बघतो. पुष्कळदा गोल नाहीसा होतो. म्हणजे तिथं काम करत होतं ते साधं आम्ल, कुठलं दिव्य औषध नव्हे. आंबटपणा काढूनही गोल राहिला, आणि प्रथिन पचवणारा पाचकरस घातल्यावर मात्र गेला, तर मग म्हणायचं की इथं बॅक्टेरिओसिन आहे.

आणि तेही सगळ्यांवर चालत नाही. नायसिनसारखी ही प्रथिनं आपल्या जवळच्या भाऊबंदांवर आणि लिस्टेरियासारख्या जंतूंवर जोरात चालतात. टायफॉइडचे, जुलाबाचे जंतू वेगळ्या घराण्यातले. त्यांना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यातून ही प्रथिनं सहज आत जात नाहीत. शिवाय पोटात गेल्यावर आपला पाचकरस या प्रथिनांचं तेच करतो जे डाळीतल्या प्रथिनांचं करतो. पचवून टाकतो. डेंग्यूचा तर इथं संबंधच येत नाही, तो विषाणू. बॅक्टेरियाला मारणारं काहीही त्याला लागू पडत नाही.

शेळीचंच दूध का, हाही प्रश्न आहे. हेच जीव गाईच्या दुधात असतात, म्हशीच्या दुधात असतात, कोबीच्या पानावर असतात, मिरचीच्या देठावरही असतात. शेळीच्या दुधाचं वेगळेपण दुसरीकडे आहे. त्यातले स्निग्धाचे थेंब बारीक असतात, दही मऊ आणि पातळसर लागतं, काही जणांना ते पचायला हलकं वाटतं. त्याला जो वास येतो तो कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक या आम्लांचा, आणि या तिन्ही नावांत लॅटिनमधली शेळीच बसलेली आहे. रंग पांढराशुभ्र, कारण शेळी गवतातल्या पिवळ्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करूनच दुधात पाठवते. चांगलं दूध आहे. शेळीच्या दुधाच्या उत्पादनात आपला देश जगात पहिला आहे, गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही.

पण याच दुधाची एक गोष्ट आहे जी मला प्रत्येक फॉरवर्डच्या खाली चिकटवावीशी वाटते. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे. तिथं इंग्रजांची फौज होती आणि सैनिकांना एक ताप यायचा. महिनोन् महिने येऊन-जाऊन राहायचा, सांधे धरायचे, माणूस खंगायचा. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कुठून हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही. माल्टात शेळ्यांचे कळप गल्लोगल्ली फिरायचे, दारात शेळी उभी करून समोर धार काढून द्यायचे. याहून ताजं, शुद्ध दूध कुठलं? १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित या तिथल्याच डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं आणि जंतू तिथं सापडला. शेळ्या धडधाकट, चरताहेत, दूध देताहेत, आजाराचं नाव नाही. १९०६ मध्ये फौजेच्या रेशनमधून शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला.

त्या आजाराला आज ब्रुसेलोसिस म्हणतात. तो आपल्या देशातही आहे. शेळी दिसायला निरोगी असली तरी असू शकतो. आणि "दह्यातले जीव त्याला मारतील की" असं म्हणणाऱ्यांसाठी: कच्च्या शेळीच्या दुधाच्या ताज्या चीजमधून हा आजार माणसांना झाल्याचं जगभर नोंदलेलं आहे. त्या चीजमध्ये हेच लॅक्टिक ॲसिडवाले जीव भरपूर होते. त्यांच्या भरवशावर राहून चाललं नाही. उकळी मात्र त्याला पुरते. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवलं तरी तो मरतो, मग आपली दणदणीत उकळी तर सहज पुरे.

आता डेंग्यूबद्दल स्पष्ट बोलते. या तापात प्लेटलेट साधारण चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमाराला खाली जातात आणि नंतर बहुतेकांच्या आपोआप वर येतात. घरचे लोक घाबरतात तेही चौथ्या-पाचव्या दिवशीच, आणि मग जे हाताला लागेल ते देतात. कुणी पपईच्या पानांचा रस देतं, कुणी किवी, कुणी शेळीचं दूध. सातव्या दिवशी प्लेटलेट चढल्या की श्रेय त्या वाटीला. दरवर्षी हे होतं, आणि दरवर्षी त्या दिवसांत शेळीच्या दुधाचा भाव आकाशाला भिडतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका घरी दहा वर्षांच्या मुलाला असंच कच्चं दूध तीन दिवस पाजलं. डेंग्यू बरा होत आला होता, पण जुलाब-उलट्यांनी पोरगं पुन्हा सलाइनवर गेलं. डेंग्यूत शरीरातलं पाणी टिकवणं हेच तर मुख्य काम असतं, आणि आपण नेमकं तेच बिघडवायचं! त्या माउलीला दोष देववत नाही. तिला तो मेसेज चार जणींनी पाठवला होता, चौघीही तिच्या काळजीपोटीच.

तान्ह्या बाळांचंही सांगून टाकते, कारण आपल्याकडे आईला दूध कमी आलं की एखादी आत्या "शेळीचं चालू कर" म्हणतेच. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं, गाईच्या दुधाच्या मानाने साधारण पाचवा हिस्सा. फक्त त्यावर वाढवलेल्या बाळांना रक्ताचा पांढुरकेपणा येतो, तो इतका ओळखीचा आहे की डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला शेळीच्या दुधाचंच नाव दिलेलं आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य आहार म्हणून ते नको. आणि ज्या बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे त्याला शेळीचंही बहुधा सोसत नाही, दोन्हींची प्रथिनं फार सारखी.

आता त्या सुनेचा प्रश्न.

दह्यात जीव असतात का? असतात, एका चमच्यात कोट्यवधी. विज्ञान हे सांगतं म्हणून आपण एकदम गोंधळून जायचं कारण नाही. दुधा-दह्यात, रसात जीव उपजतात हे आपल्या आचार्यांनी गृहीतच धरलं होतं. रसज जीव हा शब्द आपला आहे. चव, वास, रूप पालटलेलं अन्न म्हणजे चलित रस, ते अभक्ष्य, हेही आपलंच. म्हणून तर मर्यादा आल्या. दूध काढल्यापासून दोन घडीत, म्हणजे ४८ मिनिटांत, गाळून तापवायचं. तापवलेलं दूध आठ प्रहर. दही विरजल्यापासून आठ प्रहर. लोणी निघालं की दोन घडीच्या आत कढवायला ठेवायचं. लहानपणी मला हे सगळं घड्याळाचं जाच वाटायचं.

पण इथं मी त्या "शास्त्रात आधीच सांगितलंय" वाल्या मैत्रिणींच्या बाजूने नाही. आचार्यांनी मर्यादा सांगितल्या त्या अहिंसेसाठी, जीव उपजू नयेत आणि आपल्या हातून मरू नयेत म्हणून. आपलं पोट बिघडू नये म्हणून नव्हे. पोट सांभाळलं गेलं हा वरचा लाभ. ४८ मिनिटांत दूध तापवणाऱ्या घरात ब्रुसेलाला थारा नव्हता हे खरं, पण म्हणून आचार्यांना ब्रुसेला माहीत होता असं म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडी आपलं वाक्य घालणं. आणि त्यात एक धोका आहे. उद्या विज्ञानाने सांगितलं की अमुक मर्यादेची आरोग्यासाठी गरज नाही, तर मग ती सोडायची का? व्रत आरोग्याच्या खुंटीला टांगलं की खुंटीबरोबर पडतं.

मग चालतं कसं? मी काही पंडिता नाही, आणि या सूक्ष्म जीवांना कुठल्या वर्गात धरायचं यावर महाराजांमध्ये आणि अभ्यासकांमध्येही एकमत नाही. मला जे उमजलं ते एवढंच, की गृहस्थाच्या हातून आरंभी हिंसा होणार हे धर्माने मान्य केलेलं आहे. चूल पेटते, पाणी तापतं, दळण दळलं जातं. आपण टाळायची ती संकल्पी हिंसा, ठरवून केलेली. आणि कमी करायचा तो प्रमाद. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामी नुसत्या प्राण जाण्यावर बोट ठेवत नाहीत, बेसावधपणावर ठेवतात. मर्यादा म्हणजे त्या सावधपणाचं रोजचं माप. मर्यादेतलं दही खाणारी बाई कोट्यवधी जीवांची वैरीण होत नाही, आणि तीन दिवस फ्रिजमधे ठेवलेलं आंबटढाण दही "प्रोबायोटिक आहे" म्हणून खाणारी सावध होत नाही.

आणि दह्यातल्या एका जीवाने दुसऱ्याला मारलं तर त्याचं पाप विरजणाऱ्या बाईला का, असंही भाचीने विचारलं होतं. मी म्हटलं, बाई गं, तू थाळीत मुद्दाम सोडतेस तेव्हा हा प्रश्न तुझा, मी दही लावते तेव्हा दह्याचा हेतू आहे. ती हसली, पण मला माहीत आहे तिला ते पुरेसं वाटलेलं नाही. मलाही पूर्ण वाटलेलं नाही.

विरजणाचंही बोलू. आमच्या माहेरी चौक्याचं दही जुन्या दह्याने लावत नसत. कालच्या दह्याचा थेंब आजच्यात, आजचा उद्याच्यात, म्हणजे मर्यादा मोडलेल्या दह्याची साखळी संपतच नाही. म्हणून माताजींच्या आहाराचं दही सुक्या मिरचीच्या देठाने किंवा वाळवलेल्या करवंटीच्या तुकड्याने लावायचं. काही घरी चांदीचं नाणं टाकतात, काही मनुके, काही लिंबू. मिरचीच्या देठाने दही का लागतं याचं मला फार कौतुक होतं. देठावर हेच लॅक्टिक ॲसिडवाले जीव बसलेले असतात, कोमट दूध मिळालं की कामाला लागतात. मिरची तिखट म्हणून नव्हे. चांदीच्या बाबतीत मात्र मी जरा संशयी आहे. चांदी स्वतः जंतुनाशक, ती जीव वाढवणार कशी? माझ्या मते तिथं दही लागतं ते भांड्यामुळे आणि हवेमुळे, नाणं नुसतं बसून असतं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असू दे, दिसतं छान."

एक काळजी घ्या. जुन्या दह्याच्या विरजणात ठरावीक जीव भरपूर असतात, ते लगेच आम्ल करतात आणि वाईटाला जागा उरत नाही. देठाच्या दह्यात सुरुवात हळू होते, दोन-तीन तास दूध कोमट आणि उघडंच असल्यासारखं असतं. म्हणून दूध पूर्ण उकळलेलं, भांडं गरम पाण्याने धुतलेलं, देठ स्वच्छ पुसलेले. तार सुटली, बुडबुडे आले, वास वेगळा आला तर विचार न करता टाकून द्या. शेळीच्या दुधाचं देठाने लावलेलं दही तर आणखी पातळ लागतं, ते बिघडलं असं समजू नका, त्याची प्रकृतीच तशी.

एवढं सगळं बोलून मी स्वतः शेळीचं दूध घरात आणते का? रोजच्यासाठी नाही. आणि कारण जंतूंचं नाही, करडांचं आहे. ग्रुपवरच्या शंभर मेसेजमध्ये हा विषय एकदाही आला नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

आपल्या भागात शेळी दुधासाठी पाळत नाहीत. उस्मानाबादी शेळी घ्या, ती दिवसाला लिटर-अर्धा लिटर देते, त्यातलं बरंचसं करडांनाच लागतं. जुळी तर तिला नेहमीच होतात. पाळणाऱ्याचा खरा पैसा बोकडात असतो. वर्षाच्या आत-बाहेर तो खाटकाकडे जातो. आपण आजारपणाच्या नावाखाली भाव वाढवून दूध मागायला लागलो की करडाच्या तोंडचं निघतं, आणि धंदा वाढला की बोकडही वाढतात. बकऱ्या सोडवायला वर्गणी देणारी आपली माणसं, आणि इकडे हे! यावर कुणी म्हणेल की गाई-म्हशीच्या गोऱ्ह्या-रेडकांचं काय वेगळं होतं? बरोबर आहे. तो प्रश्न माझ्या रोजच्या चहात आहेच आणि त्याचं समाधानकारक उत्तर मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर नाही म्हणून दुसरा तसाच प्रश्न हौसेने घरात आणायचा, हे मला पटत नाही. मॉलमधलं परदेशी शेळीचं चीज आणणाऱ्यांनी तर आणखी एक गोष्ट बघावी. दूध फाडायला रेनेट लागतं आणि ते पारंपरिक पद्धतीत वासराच्या किंवा करडाच्या जठरातून काढतात. हिरवा ठिपका नसेल तर हातच लावू नका.

इथं गांधीजींची आठवण होते, कारण शेळीचं दूध म्हटलं की त्यांचंच नाव पुढे करतात. पण ती हकीकत अभिमानाने सांगायची नाहीच मुळी. दूध विकार वाढवतं हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते आपल्या श्रीमद राजचंद्रांकडून. पुढे गाई-म्हशींवर फुंका घालून दूध काढण्याची क्रूर रीत कळली आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. १९१८ मध्ये खेड्यात फिरताना जबर आजारी पडले, आणि १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टर दलालांनी दुधाशिवाय शक्ती येणार नाही असं सांगितलं. कस्तुरबा म्हणाल्या, व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचं घ्यायला काय हरकत? त्यांनी घेतलं. पण आत्मकथेत ते स्वतः लिहितात की व्रताचा शब्द राहिला, आत्मा गेला, आणि ही बोच त्यांना कायम राहिली. ज्याने प्यालं त्याला बोच, आणि आपण त्याच्या नावाने जाहिरात करतो.

म्हणून कुणाला शेळीच्या दुधावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी एखाद्याला सांगितलं, दुसरं काही पचत नाही, तर जरूर द्यावं. गाळून, ४८ मिनिटांच्या आत उकळून. शक्य असेल तर जिच्या करडांचं पोट भरलंय आणि जिच्या मालकिणीला आपण ओळखतो अशा शेळीचं. दह्याचंही तसंच. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना ताजं दही-भात पोटाला बरा वाटतो, पण दही कोर्सच्या जागी नाही, कोर्स पुरा करायचा. आणि टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची गोळी असेल तर दूध-दही तिच्याबरोबर घेऊ नका, त्यातलं कॅल्शियम गोळीला धरून बसतं आणि औषध अंगी लागत नाही. मधे दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं, किती ते आपल्या औषधवाल्याला विचारून घ्या. अंथऊवाल्या बायकांनो, तुमचं याने फार अडतं हे मला माहीत आहे, कारण संध्याकाळचं जेवण आणि गोळी एकाच वेळेला येतात. डॉक्टरांना आधीच सांगितलं की मी सूर्यास्तानंतर काही घेत नाही, तर ते वेळा तशा बसवून देतात किंवा औषध बदलतात. सांगायला मात्र हवं, संकोच करू नये.